इंजिन गार होईपर्यंत

दोब्रिवोयेच्या अंगणात पाऊल टाकल्याबरोबर तिहोमीर मिस्त्रीनं ट्रकच्या बॉनेटवर तळहात ठेवला, आणि तव्याला लागल्यासारखा झटकन मागे घेतला.

"कढत आहे," तो मिलुंकाला हळूच म्हणाला.

मिलुंकाला त्यात काही वावगं दिसेना. ट्रक आहे, गरम असायचाच. तिचं सगळं लक्ष मागच्या हौद्यावर होतं. लांबी-रुंदी तिनं मनातल्या मनात पेट्यांमध्ये मोजून टाकली होती: मधमाश्यांच्या ऐंशी पेट्या दोन थरांत आरामात बसतील. मे महिन्यात अकेशियाची झाडं फुलली की पेट्या तिकडे न्यायच्या, आणि दहा-बारा दिवसांत सगळा खेळ संपतो. मागच्या वर्षी पेट्या न्यायला शेजाऱ्याची गाडी ठरवली होती, आणि तो गृहस्थ पुतण्याच्या लग्नातून शुद्धीवर येऊन तिसऱ्या दिवशी उगवला होता. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता, यंदा गाडी आपली हवी.

दोब्रिवोये हात चोळत पुढे आला. गोल चेहऱ्याचा, मिशीला तेल लावणारा माणूस. "या, या. तुम्ही येणार म्हणून सकाळीच धुऊन काढला. घ्या ऐकून. असं इंजिन आख्ख्या होमोल्ये मुलखात सापडायचं नाही."

किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच हाकेला ओ देऊन घुमायला लागलं, पोट भरलेल्या मांजरासारखं. मिलुंकाचा चेहरा खुलला. तिनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीनं ट्रक बंद करायला लावला, तेलाची पट्टी बाहेर ओढली, दोन बोटांत तेल घेऊन चोळलं आणि बोटं तिच्यापुढे धरली. "बघ बाई, हा तुझ्या हातातला विषय आहे."

मिलुंकानं बोटं लावून अलग केली. मधे तार आली. मार्च महिन्यात गारठलेला मध अशीच तार ओढतो. इतकं घट्ट तेल इंजिनात कोण घालतं, असं ती विचारणार, तोच मिस्त्रीनं दोब्रिवोयेला मोठ्यानं विचारलं, "यजमान, पाहुण्यांना अंगणातच उभं करायची पद्धत आहे का तुमच्याकडे?"

दोब्रिवोये वरमला. "छे, छे. चला ना घरात. मी म्हटलं आधी व्यवहार उरकू, मग बसू."

"उपाशीपोटी व्यवहार लाभत नाही," मिस्त्री म्हणाला. जाता जाता त्यानं बॉनेट सताड उघडं टाकलं. "राहू दे असंच. इंजिनाचा नंबर उतरवून घ्यायचाय नंतर." आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. "सौदा होईपर्यंत किल्ली घेणाऱ्याकडे. आमच्या गावात असंच असतं."

मिलुंका त्याच गावची होती आणि असलं काही तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. पण तिनं मान डोलावली.

घरात दोब्रिवोयेची बायको स्तानिया वाटच पाहत होती. रुंद बांध्याची, कमी बोलणारी बाई. तिनं आधी चमचाभर चेरीचा मुरंबा आणि पाणी पुढे केलं, मग प्लमची घरगुती दारू, राकिया, मग कॉफी. मिस्त्रीला गाडी चालवायची नव्हती, तरी राकियाचा त्यानं ओठाला नुसता स्पर्श केला. मात्र खाण्यावर तो तुटून पडला. पातळ पोळ्यांच्या थरांत चीज घातलेली गिबानित्सा आली, ती दोनदा घेतली. लोणच्याच्या मिरच्या आल्या, धुरावलेलं डुकराचं मांस आलं. मिलुंकाला घाम फुटला. हा माणूस एरवी चिमणीएवढं खातो, पावाच्या एका तुकड्यावर दिवस काढतो, हे सगळ्या गावाला ठाऊक. आज त्याच्या पोटात वेताळ शिरला होता की काय.

"मिस्त्री, आपण गाडी बघायला आलोय," ती दात आवळून पुटपुटली.

स्तानिया स्वयंपाकघरात आणि दोब्रिवोये बाटली आणायला गेलेला पाहून मिस्त्री तिच्याकडे झुकला. "गाडीच बघतोय. आपण यायच्या आधी तासभर त्यानं ती चालू ठेवलीय. गरम इंजिन आणि काकवीसारखं तेल, कितीही झिजलेलं असो, गुपचूप बसतं. घट्ट तेल गादीसारखं मधे येतं ना. तेच गार झालं की वर चढायलाच वेळ लावतं, आणि मग इंजिन खरं बोलतं. किमान तीन तास लागतील. माझं पोट फुटायला आलंय, बाई. आता तू लाग कामाला."

मिलुंकाला हसू आवरेना. तिनं ते पावाच्या घासाआड लपवलं. आणि मग ती कामाला लागली.

दोब्रिवोये बाटली घेऊन परतला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "चला, आता एकदा चक्कर मारून येऊ."

"एवढ्यात?" मिलुंका म्हणाली. "वहिनी, तो कसला वास येतोय?"

"घेवड्याची उसळ आहे मातीच्या भांड्यात," स्तानियाचा आवाज आतून आला. "पण तिला अजून अवकाश आहे. तासभर तरी."

"थांबते की मी. घेवडा सोडून जाणारी बाई मी नव्हे."

दोब्रिवोयेच्या कपाळाला आठी पडली. पाहुणा जेवायला थांबतो म्हणाला तर त्याला उठवणारा यजमान त्या मुलखात अजून जन्मायचा होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाहेर गार वारा सुटलाय. बॉनेट लावून येतो."

"बसा हो," मिस्त्रीनं त्याचा दंड धरला. "लोखंडाला कधी सर्दी होते का?"

आणखी थोड्या वेळानं, "बॅटरी उतरेल. पाच मिनिटं चालू करून ठेवतो."

"उतरते का बॅटरी अशी? मग नवी घालून द्यावी लागेल तुम्हाला."

"उतरत नाही तशी," दोब्रिवोये घाईनं म्हणाला आणि खाली बसला.

मिलुंकानं लग्नाचे फोटो मागितले. स्तानियानं तीन अल्बम काढले. दोघी एकेका फोटोपाशी थांबून, ही कोण, ती कोण, तिला कुठं दिलं, सासू कशी होती, असं करत निवांत चालल्या. तिसऱ्या अल्बममध्ये दोब्रिवोये सैन्यात होता. मिलुंकानं त्याला सैन्यातल्या गोष्टी विचारल्या. एरवी त्या सांगायला तो कुणाच्याही पाया पडला असता, पण आज त्यानं दोन वाक्यांत सगळी नोकरी संपवली आणि खिडकीकडे पाहत राहिला.

घेवडा आला तेव्हा दुपार कलली होती. मिस्त्रीनं देवाचं नाव घेऊन चमचा उचलला, शिक्षा भोगायला निघालेल्या माणसाच्या चेहऱ्यानं. पण तो घेवडा खरोखर चांगला होता, आणि मिलुंकानं मनापासून दोनदा वाढून घेतला.

अखेर मिस्त्री पट्टा सैल करत उठला, बाहेर जाऊन त्यानं इंजिनावर पुन्हा तळहात ठेवला. या वेळी तो तिथेच राहिला.

"आता ऐकू," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली.

इंजिन खोकलं, धूर टाकला, चालू झालं. आणि त्याच्या घुमण्यावर स्वार होऊन आवाज आला: टक, टक, टक, टक. दाराच्या कडीवर कुणी नखानं वाजवावं तसा, नेमका, न चुकणारा.

दोब्रिवोये म्हणाला, "इंजेक्टर असेल. गार असताना वाजतात."

"बघू," मिस्त्री म्हणाला. त्यानं पाना घेतला आणि इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल केले. ज्याचा नट सैल होई त्याचं डिझेल तुटे आणि इंजिन लंगडू लागे, पण टकटक जशीच्या तशी. "इंजेक्टर नाही."

"मग एक्झॉस्टचं गॅस्केट फुंकत असेल."

मिस्त्रीनं जोडांवरून सिगारेटचा पातळ कागद फिरवला. कागद थरथरला नाही. "तेही नाही. आणि इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा वाजतंय, मोजून बघा. म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूचा आवाज."

इंजिन बंद केलं, वरचं कव्हर उतरवलं. मिस्त्रीनं प्रत्येक व्हॉल्व्हची फट पातळ पट्टीनं तपासली. सगळ्या नीट होत्या, अगदी नुकत्याच लावल्यासारख्या. त्यानं नुसतं दोब्रिवोयेकडे पाहिलं. दोब्रिवोये मिशी पुसू लागला.

मग पिशवीतून काट्याचं मापक, डायल गेज, निघालं. इंजिन हातानं फिरवत मिस्त्री व्हॉल्व्ह ढकलणारी एकेक दांडी किती वर उचलली जाते ते मोजत गेला. काटा दर वेळी साडेसात मिलिमीटरपर्यंत चढायचा. चौथ्या सिलिंडरच्या एका दांडीला तो पाचाशी अडखळला आणि माघारी फिरला. इंजिनाच्या बगलेचं झाकण काढून मिस्त्रीनं आत टॉर्च मारला आणि मिलुंकाला बोलावलं.

आत त्या दांड्यांना उचलणारी कॅमशाफ्ट दिसत होती. तिच्यावरचे उंचवटे अंड्याच्या निमुळत्या टोकासारखे, चकचकीत. एक मात्र बोथट झालेला, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा, आणि त्याच्यावर टेकणाऱ्या टॅपेटच्या तळाला खड्डे पडलेले.

"दोब्रिवोये," मिस्त्री म्हणाला, "हे आणखी महिनाभर चाललं असतं. मग ही बाई ऐंशी पेट्या आणि काही लाख माश्या घेऊन घाटात अडकली असती. त्या माश्या तुमचा पत्ता शोधत आल्या असत्या."

दोब्रिवोयेनं काढलेलं झाकण उचलून हातात फिरवलं. मग पुटपुटला, "मला वाटलं, बाई आहे, काय कळणार आवाजातलं."

मिलुंका म्हणाली, "पेटीत राणी आहे की मेली, ते मी बाहेरून कान लावून सांगते. तुमचं इंजिन तर ओरडतंय." तिला राग येण्याऐवजी मजाच वाटत होती. "ट्रक मला हवाय. हौदा चांगला आहे. पण नवी कॅमशाफ्ट, सगळे टॅपेट, आणि तेल माणसानं घालावं तसलं. खर्च तुमचा, काम मिस्त्रीचं, इथेच, तुमच्या अंगणात. पटत असेल तर हात मिळवा."

दोब्रिवोयेनं घासाघीस करायला तोंड उघडलं. दारात उभी असलेली स्तानिया एवढंच म्हणाली, "मिळव हात." त्यानं मिळवला.

निघताना स्तानियानं मिलुंकाच्या हातात घेवड्याचं भांडं ठेवलं आणि फाटकापर्यंत सोबत आली.

"वहिनी, आम्ही तुम्हाला दिवसभर राबवलं," मिलुंका ओशाळून म्हणाली.

"घेवडा सकाळी दहालाच शिजून तयार होता," स्तानिया म्हणाली. "तुमच्या मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवलेला मी खिडकीतून पाहिला, आणि भांडं चुलीवरून उतरवून बाजूला ठेवलं. माझ्या मामाला यानं असाच एक ट्रॅक्टर विकला होता. चार वर्षं झाली, मामा आमच्याकडे येत नाही." तिनं फाटकाची कडी काढली. "कामाला किती दिवस लागतील?"

"चार-पाच," मागून येणारा मिस्त्री पोट धरून म्हणाला. "पण वहिनी, जेवायला मला नुसतं सूप पुरे."

"बघू," स्तानिया म्हणाली.