गॅलरीवरची माणसं

चोपड्याच्या कापसाच्या जिनिंगमधला निंबा मिस्त्री मालकालाही तोंडावर सुनवायचा. पण जळगावात कॉम्प्युटरसमोर पहिल्यांदा बसला तेव्हा मात्र चपला दाराबाहेर काढून, हात मांडीवर ठेवून गुपचूप बसला. साल पंच्याण्णव.

जिनिंगमध्ये यंत्रांच्या माथ्यावर नवी लोखंडी गॅलरी बसवायची होती. जळगावातल्या मेहरूणचे चौधरी इंजिनिअर ती आधी पडद्यावर उभी करत, पडद्यावरच तिच्यावर वजन टाकत. कुठं वाकेल ते लोखंड कापण्याआधीच कळायचं. एकेका हिशेबाला तासभर लागायचा.

"निंबाभाऊ, वर एका वेळी किती माणसं असतात?"

"सहा. कामना टाइमले सहाच ऱ्हातस."

साहेबांनी बारा धरली. पडद्यावर गॅलरी हिरवीगार दिसली, म्हणजे धोका नाही. निंबाला खाली आणखी दोन खांब हवे होते. साहेब हसले, "कशाला लोखंड वाया घालवता?" निंबाने खांबांचा हट्ट सोडला. कॉम्प्युटरपुढे आपली काय अक्कल पाजळायची! पण त्या यंत्राला तरी काय कळतंय, विचाराल तेवढंच ते सांगणार. दसऱ्याचं कुणी विचारलं नाही आणि निंबालाही ते सुचलं नाही, कारण दसरा काही कामाचा दिवस नव्हता.

दसऱ्याला जिनिंग बंद ठेवून यंत्रांची पूजा व्हायची. नारळ फोडायचा मान निंबाचा. बायका दरवर्षी खालीच उभ्या राहायच्या. पण त्या वर्षी गॅलरी नवी होती, आणि निंबाला ती मिरवायची होती. पंचवीस गडी वर होतेच. त्याने कठड्यावरून सगळ्या बायकांना हाक दिली, "बठ्ठ्या जणी वर या वं! मशीनले कुकू लावा!"

त्याची बायको भागाबाई जिन्याला बिचकत होती. त्याने चारचौघांत तिची थट्टा केली, तेव्हा लाजून तीही चढली. आरती निम्मी झाली आणि गॅलरीचा मधला भाग खाली गेला. पाच माणसं मेली. भागाबाई त्यांत होती.

तेरावं उरकून निंबा एसटीने जळगावला गेला. चौकशी चौधरींवर शेकली होती. बायकांना वर कुणी बोलावलं, हे चोपड्यात एकानेही तोंडातून काढलं नाही. निंबाकडे बघून लोकांची जीभच रेटत नव्हती. चौधरींची दाढी वाढली होती. सरकारी साहेबाला दाखवायला ते तो अपघात पडद्यावर पुन्हा मांडत होते.

"साहेब, बाया वर नही येत्यात, ते गॅलरी टिकती का?"

"राहू द्या, निंबाभाऊ. काय करायचंय आता?"

"नही. टाकीसन दखा."

चौधरींनी पडद्यावरच्या गॅलरीवर फक्त पंचवीस गडी टाकले. हिशेबाला तासभर लागला. आकडे आले तेव्हा चौधरींनी ते दोनदा वाचले. खोटं सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. पण समोरचा माणूस चोपड्याहून खरं ऐकायलाच आला होता.

"वाकली असती," ते म्हणाले. "पडली नसती."

निंबा लहान पोरासारखा हमसून रडला. मग उपरण्याने तोंड पुसलं आणि टेबलावरचा चौकशीचा कागद साहेबांपुढे सरकवला.

"लिखा साहेब. बायकास्ले मीच वर बलावं. भागा नको नको म्हने, तरी बलावं."