मध्यंतराचा हार

राजेंद्र नगरच्या देवळात सुहासिनीताईंचं कीर्तन असलं की त्यांची मुलगी क्षितिजा ओट्याच्या कोपऱ्यात एक डबी ठेवायची. डबीत जमिनीची थरथर टिपणारा सेन्सर. कॉलेजातल्या या पोरीचं म्हणणं साधं होतं: नर्मदेच्या खोऱ्यातले बारीक धक्के माणसांच्या वर्दळीत हरवतात, वर्दळ ओळखता आली तर ती वजा करता येईल. आणि कीर्तनाइतकी शिस्तीची वर्दळ दुसरी कुठली? नमन संथ, निरूपण चढतं, मग नामाचा गजर, आणि गजर थांबला की सगळं गप्प. कारण मध्यंतरात कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालायचा असतो. मग कथा.

हार घालायची शर्वरी. क्षितिजाची शाळेपासूनची मैत्रीण, आताही एकाच वर्गात, कीर्तनात पेटीवर. ताई म्हणायच्या, माझ्या एका लेकीने डबी सांभाळावी, दुसरीने हार घालावा.

भूकंपशास्त्राच्या एका मोठ्या संस्थेत उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधनाचं काम मिळणार होतं, स्टायपेंडसकट. कॉलेजातून नाव एकच जाणार. क्षितिजा त्याच आशेवर वर्षभर राबली होती. मधे तिचा लॅपटॉप सारखा बंद पडायला लागला, तेव्हा दुरुस्तीला टाकण्याआधी तिने सगळी रेकॉर्डिंग शर्वरीकडे ठेवायला दिली. दुरुस्तीत लॅपटॉप कोरा होऊन आला, तरी तिला काळजी वाटली नाही.

नाव ठरवणाऱ्या मनीष सरांसमोर दोघींनी आपापलं काम मांडायचं होतं. शर्वरी आधी उठली. पडद्यावर आलेख आला आणि क्षितिजाचा पाय आपसूक ताल धरू लागला. नमन. निरूपण. गजर. शर्वरी मात्र सांगत होती की हे तिच्या घरासमोरच्या रस्त्याचं ट्रॅफिक आहे.

सरांनी मधल्या सपाट रेषेवर बोट ठेवलं. "और ये?"

"लाइट गेली होती सर," शर्वरी म्हणाली.

क्षितिजाने सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मूळ फाइल मागितली. ती तिच्याकडे नव्हती. मैत्रिणींनी असं भांडू नये, एवढं बोलून त्यांनी शर्वरीचं नाव पाठवलं.

जिन्यात क्षितिजाने तिला गाठलं. "रेकॉर्डिंग नेलंस, नेलंस. पण लाइट गेली होती? तेव्हा तू माझ्या आईला हार घालत होतीस."

शर्वरीने ओढणी सारखी केली. "यार, तुला तर पुढच्या वर्षी पण मिळून जाईल. तू हुशार आहेस."

एकादशीला कीर्तन होतं. कीर्तनाला उभं राहण्याआधी आईचं मन विटू नये म्हणून क्षितिजा घरी काहीच बोलली नव्हती. शर्वरी आली, ताईंच्या पाया पडली, पेटीवर बसली. गजर टिपेला जाऊन थांबला. ताईंनी नेहमीसारखी मान वाकवली. शर्वरीने ताटातला हार उचलला, तोच क्षितिजाने पुढे होऊन तो तिच्या हातून काढून घेतला.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "लाइट गेलीय."

ताईंनी वर पाहिलं. ट्यूबलाइट लख्ख जळत होती. त्यांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि पुन्हा मान वाकवून क्षितिजाच्या हातून हार घालून घेतला. मग कथेसाठी पेटीकडे बघून सूर मागितला. तो लवकर आला नाही.