पाचवा अंक कुणीच वाचत नाही

मी वेंगुर्ल्याच्या एका वाचनालयातलं नाटकाचं पुस्तक बोलतोय. जुनं, जाडजूड, पाच अंकी आणि आता पुरतं वैतागलेलं.

माझ्यात एक सरदार आहे. वैरी त्याची जमीन बळकावतो आणि चौथ्या अंकात सरदार त्याला भर दरबारात शाप देतो. वाचक तिथे खूश होतात आणि मला मिटून परत करतात. अहो, लिहिणाऱ्याने आधीचे चार अंक पाचव्यासाठीच लिहिले होते! त्यात शाप फळतो, वैऱ्याची मुलगी मरते. तिला सरदारानेच अंगाखांद्यावर वाढवलेलं असतं. पण एवढं वाचायला धीर कुणाला आहे?

रुक्मिणीबाई तर त्यातल्या अव्वल. चाळीस वर्षं शाळेत मुलांना क्षमेचे धडे दिले. धाकटा भाऊ जितेंद्र शेजारीच राहतो. त्याने चिऱ्यांचा गडगा घालून बाईंची विहिरीची वाट अडवली, तेव्हापासून मी त्यांच्या उशाशी आहे. चौथा अंक त्यांनी सात वेळा वाचला.

मग त्यांनी शाप कागदावर उतरवला, मालवणीत वळवला, कागद माझ्यात खोचला आणि मला काखेत मारून देवळात गाऱ्हाणं घालायला निघाल्या. नारळ धरायला सोबत तन्वी, जितेंद्रचीच मुलगी. आई गेल्यावर तिला आत्येनेच लहानाची मोठी केली. आता ती गडग्यावरून उडी मारून येते.

मानकऱ्यांनी नारळ देवापुढे ठेवला आणि कागदावरचं गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजा, जेना बहिणीची वाट अडवल्यान, तेच्या घरात दिवो लावक कोण रवाचो नाय, असा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे सवयीने ओरडले. शब्द कोण ऐकतो? होकार भरला की झालं. सगळ्यांत मोठा आवाज तन्वीचा होता.

देवळाच्या पायऱ्या उतरताना ती थांबली. “आत्ये, बाबांच्या घरात दिवो मीच लावतंय ना गो?”

बाईंचा चेहरा पडला. गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर भावाला घेऊनच देवापुढे उभं राहावं लागतं. त्यासाठी आधी त्याच्या दारात जायला हवं, आणि बाईंचं घोडं तिथेच अडलं.

घरी येताच त्यांनी पाचवा अंक उघडला. मला केवढा आनंद झाला! शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, डोळ्यांना पदर लावला. आता उठतील, भावाला हाक मारतील, असं मला वाटलं. त्या उठल्या आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तन्वी आली. तिचा हात माझ्याकडे वळताच बाईंनी मला मांडीखाली सारलं.

“नाटकात फुडे काय झाला गो, आत्ये?”

“फुडची पानां खंय आसत? वाळवी लागली.”

खोटं! साफ खोटं! तन्वी, माझं एकही पान गेलेलं नाही. ओढून काढ गो मला, आणि हिच्यासमोर मोठ्याने वाच!