अगदी मावशीसारखी

"उतरली! उतरली की गं!" स्केटिंगच्या रिंगणाच्या कठड्याबाहेरून ताई ओरडली. तिच्या हातातला थर्मासही उडाला. तो मात्र नीट उतरला नाही.

तिची दहा वर्षांची लेक बर्फावर एका पायावर मागं सरकत, हात पसरून थाटात थांबली. पूर्ण गिरकीची उडी. मोठ्या गटात कोण जाणार हे आज ठरायचं होतं, आणि ठरवायचं होतं तिच्या सख्ख्या मावशीनं, तीच इथली कोच. फक्त बर्फावर तिला मावशी म्हणायची बंदी होती. तिथं त्या मॅडम. जेवायच्या टेबलाशी पुन्हा ती मावशी.

 मॅडम उडी जिथून उठली तिथं जाऊन वाकल्या. बर्फातला ओरखडा टोकाशी शेपटीसारखा फरफटला होता. पोरगी हवेत जायच्या आधीच अर्धी वळली होती. खांदा पुढं, पाय मागाहून. जणू खांद्याला बस पकडायची होती.

"पुन्हा."

पुन्हा तीच शेपटी.

"चोरतेयस तू. अर्धी गिरकी खालीच उरकतेस."

"पण पडले नाही ना!"

"तीच तर पंचाईत आहे. पडली असतीस तर सुधारली असतीस."

"काय गं खोड काढतेस!" ताई कडाडली. "अगदी तुझ्यासारखी मारते. तोच खांदा, तोच झोका!"

मॅडमचा हात आपसूक गुडघ्याच्या पट्ट्याकडे गेला. एका गिरकीत चोरी खपते. दोन गिरक्यांच्या उडीत ती पकडली जाते आणि शिक्षा गुडघा भोगतो. घरच्या पॅसेजमध्ये, मोजे घालून, पोरीला उडी मारून दाखवली होती कुणी? मॅडमचं सगळं तिनं ऐकलं होतं. शिकली मात्र मावशीकडून होती.

"बदकांत जा."

बदकं म्हणजे पाच-पाच वर्षांची पोरं. त्यातलं एक पडल्या जागी बर्फ चाटत होतं.

"त्यांच्यात?" पोरीचा ओठ थरथरला. "सगळ्या मैत्रिणी वर चालल्यात. मावशी, प्लीज!"

बंदी मोडली होती.

"आज जेवायला येऊ नकोस," ताई बहिणीला म्हणाली आणि पाठ फिरवून थर्मास शोधू लागली.

मॅडमनी पट्टा आवळला. "चल, मीपण येते. अर्ध्या गिरकीपासून. आधी वर, मग वळायचं."

बदकांनी जागा करून दिली. मॅडमनी इतकुशी उडी मारली आणि मागं वळून पाहिलं. शेपटी होतीच.

पोरीनंही पाहिली. नाक ओढत ती पुढं गेली, बुटाच्या पात्यानं शेपटी खरवडून पुसली आणि बाजूला झाली.

"पुन्हा, मॅडम."