नसलेल्या पक्ष्याची खबर

बतूलने दुर्बिणीच्या तिपाईचा ढिला पाय दोऱ्याने आवळला आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं.

"झाली का घट्ट?" सी लार्बींनी दारातून विचारलं. अंगातल्या जेलाबा झग्याची टोपी त्यांनी कानांवर ओढून घेतली होती.

"हा हिवाळा काढेल."

"ती काढेल गं. माझं विचार."

"बा, सकाळी सकाळी नको."

ते हसले. तिपाई खांद्यावर टाकून बोळातून मर्जाच्या खाऱ्या तळ्याच्या दिशेने उतरू लागले. ओहोटी लागली होती. खाजणाचा चिखल उघडा पडला, की पाणपक्षी चरायला उतरत. ते वळणाआड जाईपर्यंत बतूल उंबऱ्यात उभी होती. हाक मारण्यासाठी तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

फेस शहरातल्या कॉलेजात ती फ्रेंच शिकवत होती. तिथेच शिक्षकांच्या खोलीत तिने वर्तमानपत्रात ती बातमी वाचली होती: बारीक चोचीचा कुरल पक्षी आता पृथ्वीवर कुठेच उरलेला नाही, असं शास्त्रज्ञांनी लिहिलं होतं. लहानशी बातमी, पानाच्या तळाशी. तेव्हापासून ती जेव्हा जेव्हा गावी, मौले बूसेल्हामला यायची, तेव्हा सांगायचं ठरवून यायची.

तो पक्षी शेवटी शेवटी त्यांच्याच मर्जात उतरत असे. त्या काळी घरालाच लागून सी लार्बींचं टेलिफोनचं दुकान होतं. बूट चिखलाने भरलेले परदेशी लोक धावत यायचे, सुटी नाणी घ्यायचे, काचेच्या खोक्यात शिरायचे आणि घरच्यांना सांगायचे. कुणी रडायचं, कुणी हसायचं. एक म्हातारा तर एवढंच बोलला, "पाहिला," आणि रिसीव्हर कानाला लावून गप्प उभा राहिला. गल्ल्यामागे बसून सी लार्बी हे सगळं ऐकायचे. भाषा कळायची नाही, पण तो एक शब्द ते सगळ्या भाषांत ओळखायला शिकले होते.

"चल की, होडीत जागा आहे," अल्लाल म्हणायचा. पाहुण्यांना मर्जात फिरवणारा तोच.

"दुकान कोण बघणार? पुढच्या हिवाळ्यात येईलच की तो."

दर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्याबद्दल असं म्हणण्यात तेव्हा काही चूक नव्हती. मग एका हिवाळ्यात तो आलाच नाही. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला, खोकी मुकी झाली. दुकान बंद पडलं आणि सी लार्बींना वेळच वेळ मिळाला. त्या वर्षीपासून ते मर्जावर जात होते.

दर शुक्रवारी, कुसकुस खाऊन झाला, की ते बतूलला फोन करायचे. दिसला का, असं ती विचारायची.

"नाही दिसला."

"पुढच्या हिवाळ्यात दिसेल, बा."

मग रोहित पक्षी किती उतरले, वाऱ्याने स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवरचं प्लॅस्टिक कसं फाटलं, हे व्हायचं. तू जेवलीस का, तिकडे थंडी आहे का, हे व्हायचं. "बरं तर," असं म्हणूनही ते फोन ठेवायचे नाहीत. ठेवायची ती.

संध्याकाळी ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन परतले. बतूलने बाकल्याच्या दाण्यांची घट्ट आमटी, बिसारा, केली होती, वर जिरं आणि ऑलिव्हचं तेल. त्यांनी पाव मोडला.

"नाही दिसला."

चुलीवर किटली उकळत होती. उद्या सकाळची बस. सांगायचं तर आताच.

"बा..."

"काय गं?"

"तेल घालू आणखी?"

"घाल."

पुढच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला नाही. त्याच्या आदल्याच दिवशी अल्लालचा आला होता. सी लार्बी बांधावर, तिपाईच्या पायाशी बसल्यासारखे सापडले. झोप लागली असेल असं वाटून अल्लालने आधी लांबूनच दोन शिव्या हासडल्या होत्या.

बतूल पोचली तेव्हा पुरुष दफन करून परतत होते. तीन दिवस घरात चूल पेटली नाही. शेजारच्या बायका झाकलेल्या ताटांतून जेवण आणत राहिल्या. "बरकत तुझ्या डोईवर," असं सांत्वनाचं म्हणत प्रत्येकजणी तिच्या डोक्याचं चुंबन घेत होती. बतूल मान हलवत होती. तिच्या मनात एवढंच येत होतं, की त्यांना कळलं नाही ते बरंच झालं. वाट बघत गेले. निदान वाट तरी होती.

त्यानंतरच्या शुक्रवारी नमाज आटोपून अल्लाल आला, दुर्बीण आणि तिपाई घेऊन. तिने आणलेला चहा त्याने आवाज करत घेतला.

"ही गाठ तुझी का?" तिपाईकडे बोट दाखवत तो म्हणाला. "तो बसला तो उठलाच नाही, ही मात्र उभीच. हललीसुद्धा नाही."

बतूलने दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"अवलियाच होता तुझा बा. मी त्याला नसलेल्या पक्ष्याचा राखणदार म्हणायचो. चिडायचा."

तिचं बोट थांबलं. "नसलेल्या?"

"मग काय तर! माझ्याच होडीत पाहुणे बोलत होते, तो आता जगात कुठंच नाही म्हणून. मी त्याच संध्याकाळी येऊन याला सांगितलं. दोन हिवाळे झाले त्याला."

"बा काय म्हणाले?"

"चहा ओतत होता. ग्लास भरून वाहायला लागला तरी ओततच राहिला. मग म्हणाला, अल्लाल, बतूलला सांगू नकोस, ती दर शुक्रवारी त्याचीच चौकशी करते."

बाहेर कुणाची तरी गाडी चालू होता होता बंद पडली.

"मी म्हटलं, मग आता चिखल कशाला तुडवतोस, म्हाताऱ्या? घरी बस, पाय शेक. तर मलाच म्हणाला, गाढवा, घरी बसलो तर शुक्रवारी तिला सांगू काय? गुडघे दुखतात म्हणून?" अल्लाल हसायला गेला, पण जमलं नाही. त्याने ग्लास खाली ठेवला. "आणि फोन करायचा तो त्या खोक्यात बसून. मोबाईल हातात, तरी आत शिरून दार लावून घ्यायचा. आवाज नीट येतो म्हणे."

तो गेल्यावर बतूलने दुकानाचं मधलं दार उघडलं. गल्ल्यावर धूळ होती. पहिल्या खोक्यात रिकामे क्रेट रचलेले होते. दुसऱ्याची काच मात्र लख्ख पुसलेली होती. आत स्टुलावर उशी होती, मधोमध खोलगट झालेली.

ती आत गेली. उशीवर बसली. दार ओढून घेतलं. बाहेरचा वारा एकदम दूर गेला.

तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत काहीच नव्हतं, साधी घरघरसुद्धा नाही. या वेळी तिला तो ठेवायची घाई नव्हती.

"बा," ती म्हणाली, "पक्षी नसला तरी फोन करत जा."