पाटाचा दस्ता

"जेवताना बोलायचं नाही, मंजिरी. चातुर्मासभर. काही हवं असेल तर हाताने खुणवायचं, आणि मनातल्या मनात नाम घ्यायचं."

चित्रलेखाआत्यांनी हे सांगितलं तेव्हा मंजिरी सतरा वर्षांची होती. दुपारचं जेवण मौनाने करायचा हा नेम तिने पुण्यात पाळला, परदेशात आल्यावर टूनगॅबीच्या भाड्याच्या घरात पाळला आणि मेलबर्नच्या वेरिबीत स्वतःचं घर झाल्यावरही पाळला. समोरचा माणूस बोलतच सुटला तर काय करायचं, ते मात्र आत्यांनी सांगितलं नव्हतं.

एरवी तशी वेळ आलीही नसती. तिचा नवरा शैलेंद्र दुपारी ऑफिसात जेवायचा आणि शनिवार-रविवार रायफल क्लबवर असायचा. पण दोन हजार वीसच्या ऑगस्टात मेलबर्नला पुन्हा कुलूप लागलं. ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं, क्लब बंद झाला, आणि शैलेंद्रची रायफल गॅरेजमधल्या लोखंडी कपाटात गप्प बसली. शैलेंद्र काही गप्प बसला नाही. त्यातून यंदा अधिक महिना, म्हणजे चातुर्मास पाच महिन्यांचा.

असलेल्या बंदुकांबद्दल तो बोलत असता तरी तिने सोसलं असतं. तो बोलायचा नसलेल्या बंदुकांबद्दल. क्लबातल्या चार-पाच जणांनी मिळून एक यादी करायला घेतली होती: कंपन्यांनी काढायला हव्यात, पण काढत नाहीत अशा बंदुका. विक्रांतला पन्नास वर्षांपूर्वी बंद पडलेलं एक मॉडेल जसंच्या तसं परत हवं होतं. विनयला दोन तुकडे होऊन पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारी रायफल हवी होती. आणि शैलेंद्रला हवी होती डावखुऱ्यांची.

"हे बघ," वरणाच्या वाटीवरून तो सांगायचा, "दर गोळीला बोल्ट मागे ओढायचा. तो असतो उजव्या अंगाला. मी डावखुरा. म्हणजे दर वेळी हात पलीकडे न्या, गाल उचला, नेम गेला. कंपन्या म्हणतात, डावखुरे दहात एक. अगं, पण तो एक पैसे देतोच आहे ना? आणि डाव्या हाताची काढलीच, तर खांद्याला टेकवायचा दस्ता प्लास्टिकचा. गालाला प्लास्टिक लावून कोणी नेम धरतं का? दस्ता लाकडाचाच हवा. तुला पटतंय ना?"

मंजिरी घास चावत राहायची. नामाच्या मध्येच बोल्ट घुसायचा, मग तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. अडवणारं कोणी नाही म्हटल्यावर शैलेंद्रलाही दिवसेंदिवस रंग चढत होता. एकदा तर तो म्हणाला, "तुझ्याइतकं शांतपणे कोणीच ऐकून घेत नाही." तिला हसावं की ताट उचलून आत जावं तेच कळेना.

गणपती शनिवारी बसायचे होते. सोमवारी सकाळी पूजा आटोपून ती गॅरेजमध्ये मखर आणि पाट काढायला गेली. पाट तिच्या माहेरचा, सागवानी, मधोमध पितळी फूल जडवलेला. सामान जहाजाने येताना पॅकिंगवाल्यांनी त्याचे पाय सोडवून वेगळे बांधले होते, आणि दर वर्षी गणपती उठल्यावर ती ते तसेच सोडवून ठेवायची. पायांची पिशवी सापडली. पाट काही सापडेना.

मग तिचं लक्ष कामाच्या बाकाकडे गेलं. त्यावर लाकडाचं एक लांबोडकं काहीतरी पडलं होतं, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळतं. रुंद टोकावर पितळी फूल होतं. बाकाखाली उरलेले तुकडे आणि भुसा.

बाराला शैलेंद्रची मीटिंग संपली, पानं वाढून झाली, तिचं मौन सुरू झालं. तो म्हणाला, "नमुन्याचा दस्ता पाहिलास का गॅरेजमधला? फूल मुद्दाम ठेवलंय. बरोबर गालाखाली येतं." तिने भाताचा घास घेतला. कोरडाच, वरण न कालवता. शेजारी बसलेली स्पृहा, त्यांची चौदा वर्षांची मुलगी, आईकडे बघून म्हणाली, "मम, आर यू ओके?"

मंजिरीने जेवण पूर्ण केलं, हात धुतले, चूळ भरली आणि परत येऊन खुर्चीवर बसली.

"शैलेंद्र, तो पाट होता."

"कुठला पाट?"

"गणपतीचा."

"छे गं. पाटाला पाय असतात."

"ते पिशवीत आहेत."

त्याने चमचा ठेवला. "पण मी तुला विचारलं होतं. गेल्या मंगळवारी, इथेच. ती सागाची फळी घेऊ का म्हणून. तू मान हलवलीस."

"स्पृहा विचारत होती, भातावर तूप घेऊ का. मी तिला मानेनेच हो म्हटलं."

"ट्रू," स्पृहा म्हणाली. "आय गॉट द घी."

"तू गप्प बस," शैलेंद्र म्हणाला. मग मंजिरीला, "मी जोडून देतो. चांगला ग्लू आहे. सांधा दिसणारसुद्धा नाही."

"खंडित पाट देवाला चालत नाही. तुला माहितेय."

"मग या वर्षापुरतं ते बाथरूमबाहेरचं स्टूल घेऊ. प्लास्टिकचं आहे, पण वरून मखमल टाकली की कोणाला कळतंय? यंदा दर्शनाला येणारंय तरी कोण?"

मंजिरीने आवाज चढवला नाही. तिला तो चढवताच येत नसे. "तुझ्या बंदुकीला प्लास्टिकचा दस्ता चालला असता?" तिने विचारलं. "मी दोन आठवडे ऐकतेय. रोज. जी बंदूक अजून जगात नाही, तिला लाकूडच हवं. आणि जो शनिवारी घरात येणार, तो स्टुलावर?"

शैलेंद्रने ताटाकडे पाहिलं.

"नाही चालला असता," तो म्हणाला. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाट मिळेल. नवा."

"लाकूड कुठून आणणार? दुकानात आत सोडत नाहीत, आणि घरी पोचायला दोन आठवडे लागतात."

"मिळेल म्हटलं ना. शब्द दिला."

तिचा विश्वास बसला नाही. शब्द तो कंपन्यांच्या वतीनेही द्यायचा, पुढच्या वर्षी डावखुऱ्यांची येणारच म्हणून.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ती वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेली. गॅरेजचं बाजूचं दार उघडं होतं. आतून लॅपटॉपवरचा विक्रांतचा आवाज येत होता. "अरे शैलू, तो टास्मानियाचा ब्लॅकवुड, ती महागडी फळी, तू खऱ्या दस्त्यासाठी ठेवलायस ना? वर्षभर नुसता बघत बसलायस. तो कापून टाकणार? सीरियसली, मेट?"

"नंतर बोलू," शैलेंद्र म्हणाला आणि लॅपटॉप मिटला.

कपडे हातावर घेऊन मंजिरी जागीच थांबली. त्याने दाराबाहेर येऊन बूट काढले. अंगणातल्या नळावर गार पाण्याने हात कोपरापर्यंत धुतले. तिच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग अनवाणी, सिमेंटच्या थंड जमिनीवर तो आत गेला, भिंतीला टेकवलेली फळी बाकावर आडवी घेतली आणि तिच्यावरची चादर सोडू लागला.