बसण्याआधी मला बडवा

मित्रांनो, मी एक जुना, जन्मभर मार खाल्लेला लाकडी स्टँड आहे. माझ्या दोन टोकांना दोरीचा झुला टांगतात. दुकानातून आणलेला नाही हं मी, घरी केलेला आहे.

माझा जन्मच मारहाणीत झाला. या घरातले बाबा कारखान्यात फिटर होते. त्यांनी जुन्या दाराची चौकट करवतीने कापली, आरपार भोकं पाडली आणि त्यांत बोल्ट ठोकले. ती चौकट म्हणजे मीच. हे सगळं आईसाठी. आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी असायची. संध्याकाळी तिची आखडलेली कंबर फक्त झुल्यातच सैल व्हायची.

बाबांची तपासणी म्हणजे शुद्ध गुंडगिरी! दर महिन्याला हातोडा घेऊन यायचे, पायापासून टोकापर्यंत ठोकत जायचे आणि कान लावून ऐकायचे. शंका आली की स्क्रू-ड्रायव्हर खुपसायचे. पाना लावून बोल्ट असे पिळायचे, की माझा जीव कंठाशी यायचा. शेवटी स्वतः झुल्यात धाडकन उडी मारायचे. मगच आईला बसायला मिळायचं. या माणसाला काही दयामाया आहे का, असं म्हणून मी मनातल्या मनात शिव्या घालायचो.

पुढे कारखान्यातल्या घणांच्या आवाजाने बाबांचे कान गेले आणि तपासणी मुलाकडे आली. मुलगा गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढून रंग मारायचा. त्याचा हात इतका मऊ, की काय सांगू! अंगणात पाणी साचून माझा मागचा पाय भुसभुशीत झाला होता. त्याने गाडीला भरतात तशी त्यात पुट्टी भरली, घासली आणि वर चकचकीत निळा रंग मारला. ठोकलं तर रंग उडेल म्हणून हातोडा लावलाच नाही. शेजारीपाजारी म्हणाले, अगदी नवाकोरा दिसतोय. मी फुशारलो. आतून पाय कुजतोय हे मला ठाऊक होतं, पण मार चुकतोय म्हटल्यावर मी साधा करकरलोसुद्धा नाही.

एका संध्याकाळी आई झुल्यात बसली आणि तो पाय कडाडकन मोडला. ती फरशीवर आपटली. मागोमाग माझी आडवी तुळई तिच्या कमरेवर आदळली. लाकूड मोडल्याचा आवाज मला ओळखीचा होता. हाड मोडल्याचा आवाजही तसाच असतो, हे त्या दिवशी कळलं. मीच मारलं तिला. आजही आठवलं की लाज वाटते.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा चालतील की नाही, सांगता येत नाही. मुलगा दवाखान्यातून आला तो थेट कुऱ्हाड घेऊनच. पहिला घाव माझ्या खांद्यावर पडला, दुसरा त्याच जागी. ढलप्या उडाल्या. तिसऱ्या घावाला बाबांनी त्याचं मनगट धरलं. मोडक्या पायातून पुट्टीचा गोळा उपटला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"पत्र्याचा पोचा झाकता येतो," ते म्हणाले. "लाकडाचा रोग झाकून चालत नाही रे."

मुलगा तिथेच बसून रडला. मग दोघांनी माझा कुजका पाय कापून टाकला आणि नवा जोडला. निळा रंग खरवडून मला तेल पाजलं.

चार महिन्यांनी आई काठी टेकत अंगणात आली. मुलगा म्हणत होता, नको बसूस. तिने एका हाताने त्याचा खांदा धरला, दुसऱ्याने काठी उचलली आणि माझ्या नव्या पायावर, जखमी खांद्यावर, तुळईवर सणसणीत हाणली. बाबा माझ्यावर तळहात टेकवून उभे होते. कान गेले म्हणून काय झालं, ते हाताने ऐकत होते. त्यांनी मान डोलावली.

"आता तू उडी मार," आई मुलाला म्हणाली. "मग मी बसते."

मित्रांनो, मला गोंजारू नका. बसण्याआधी दणकून ठोका, खुपसा, पिळा. मी ओरडलो तर ऐका. आणि गप्प राहिलो, तर आणखी एक हाणा.